बिनकामाचा व्हिडिओ गेम

आमच्या घरात नवी वस्तू येण्याआधी तिला एक परीक्षा द्यावी लागे. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत फिटर होते. ते विचारायचे, "खंडेनवमीला पाटावर मांडता येईल का?" म्हणजे ती वस्तू काही काम करते का. त्यांचे पाने आणि हातोडी, आईचं शिलाई मशीन, सायकल, आमची पुस्तकं, हे सगळं नवमीला पुसूनबिसून हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन बसायचं. टीव्हीसुद्धा बातम्यांच्या जोरावर पास झाला होता. रविवारी आप्पांसकट अर्धी कॉलनी त्यावर सिनेमा बघायची, ती गोष्ट वेगळी.

आठवीत मी व्हिडिओ गेम मागितला. हौस म्हणून मागितला असं आमच्याकडे अजून सांगतात, ते खोटं आहे. बाजारातल्या गल्लीत एका दुकानात तासावर गेम खेळायला मिळायचा. मी तिथे सातवीत जात होते आणि कॉलनीतल्या पोरांना ओळीने हरवत होते. आठवीत गेले तसा दुकानदार म्हणाला, "आता नको येत जाऊ. मोठी झालीस, बरं दिसत न्हाई." ज्यांना मी हरवत होते ती पोरं माझ्यापेक्षा मोठी होती, त्यांना तो काही बोलला नाही. गेम घरी आला तरच मला खेळता येणार होतं, नाहीतर माझं खेळणं तिथेच संपलं होतं.

घरी आणण्याची एक वाट सगळ्यांना ठाऊक होती. तेव्हा कीबोर्डवाला गेम मिळायचा. आत विमानं पाडायची आणि बाहेर ए-बी-सी-डीची बटणं. पोरं घरी त्याला कॉम्प्युटर म्हणायची आणि बापमंडळी भाळायची. कॉलनीतल्या दोन-तीन क्वार्टरांत खंडेनवमीला तो कॉम्प्युटर म्हणून पाटावर बसलाही होता. एका घरी कुंकवाची बोटं इतक्या भक्तीने ओढली की निम्मी बटणं चिकटून बसली. तरी त्याला कुणी गेम म्हणालं नाही.

मला ते करायचं नव्हतं. मी खोटं बोलत नसे अशातला भाग नाही, शाळेत भरपूर बोलायचे. पण खेळायला मिळावं म्हणून अभ्यासाचं सोंग आणायचं, याची मला चीड यायची.

त्या वर्षी नवमीला शिरूरकडचे मामा आले होते. मामा गावच्या सोसायटीच्या कमिटीवर होते. कुठल्याही गोष्टीचा ठराव केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पूजा उरकल्यावर ते भिंतीला टेकून मला म्हणाले, "फायदं तू सांग, तोटं मी सांगतो. दाजी निकाल देत्याल."

तोटे त्यांच्याकडे तयारच होते.

"गेमनं टीव्हीची ट्यूब जाती."

"बातम्यांनी जात न्हाई, मग गेमनंच कशी जाती?"

"डोळं जात्याल. चष्मा लागला तर स्थळं कुठनं यायची?"

"चष्मा बघून माघारी जातंय ते स्थळ मला नकोच."

आईने मान खाली घातली. हसत होती की घाबरली होती, कळलं नाही.

"बरं, फायदं?"

"एकच. मला खेळाय मिळंल."

आप्पांना मनातून नाही म्हणायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनीच वाट काढून दिली. "त्यात टायपिंग शिकता येतं म्हनं. इंग्रजीबी सुधारतं." मी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"न्हाई आप्पा. त्यात कायबी शिकता येत न्हाई. आन् मला बिनकीबोर्डाचा पायजे."

मग मामांनी तडजोड मांडली. माझा भाऊ आठ वर्षांचा, बाहेर गोट्यांत दंग होता, त्याला या कशाचा पत्ताही नव्हता. मामा म्हणाले, "असं करू. पोरासाठी घेतला म्हनून सांगू. तूबी खेळ, कोन बघतंय."

"मग नकोच," मी म्हणाले. "त्याला बॅट आनली तवा त्यानं फायदं सांगितलं व्हतं का?"

"आवाज खाली," आप्पा म्हणाले. "बिनकामाची वस्तू घरात कशाला?"

"रविवारी लिंबाखाली तुम्ही पत्तं कुटता. ते कवा मांडलं पाटावर?"

आता मार बसणार असं मला वाटलं. मामा उगाच पानाची चंची चाचपायला लागले. तेवढ्यात आई बोलली. पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे.

"सागरगोट्यात माझ्या नादाला गावात कुनी लागत नव्हतं. लग्न ठरलं तवा चुलतीनं ते काढून घेतलं. म्हनली, आता पोर न्हाईस तू. मी गप बसले. ही बसंना, तर तिला बसवू नका."

मामांना ते आठवत होतं की नाही कोण जाणे. मला मात्र आईचा राग आला. इतकं येत होतं तर आजवर आमच्याशी एकदाही का खेळली नाहीस, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, आणि ते अजून मनात राहिलंय.

दिवाळी झाल्यावर आप्पांनी मला बरोबर नेऊन गेम घेतला, बिनकीबोर्डाचा. मी आभार मानले नाहीत. भावाने बॅटीचे कुठे मानले होते? खोकं काखेत मारून ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही कॉलनीत शिरलो, तर पाण्याच्या टाकीपाशी त्यांच्या कामावरचे दोघं उभे होते.

"काय, कॉम्प्युटर का?" एकाने विचारलं.

"न्हाई. गेम हाय."

"पोराला?"

"पोरीला."

तो माझ्याकडे बघून हसला. "तिला कशापायी?"

अशा वेळी आप्पा एरवी विषय बदलायचे. त्यांनी खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"खेळायला," ते म्हणाले, आणि चालू लागले.