साडभाऊंचा नऊ

सबंध आदिलाबाद जिल्ह्यात मराठी आकड्यांचा एवढा कैवारी दुसरा झाला नसेल. हे म्हणजे आमचे जैनथचे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कापूस पिकवायचे, पण जीव सगळा एक ते नऊमध्ये. शून्य मराठीत आणि इंग्रजीत सारखंच दिसतं, म्हणून त्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. घरातल्या घड्याळाची काच काढून त्यांनी आतले आकडे कागदाचे मराठी आकडे चिकटवून झाकले होते. त्यातला सात सुटून काट्यात अडकला, तेव्हापासून त्यांच्याकडे कायम सात वाजलेले असत. स्कूटरची पाटीही मराठीत. तेलुगू शिपायानं अडवलं, तर हिंदीत त्यालाच विचारलं, "पढ़ना नहीं आता, तो चालान पे क्या लिखोगे?" शिपाई हसला आणि दंड घेऊन गेला.

आदिलाबाद गावात माझं टायपिंगचं दुकान. त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका मी जुन्या फॉन्टात केली होती. त्या फॉन्टात आतून इंग्रजीच आकडे, फक्त मराठी चेहरा लावलेले. छापताना फॉन्ट बदलला आणि सगळे चेहरे गळून पडले. साडभाऊंनी गठ्ठाभर पत्रिकांवर पेनानं तारखा दुरुस्त केल्या. नंतर युनिकोड आलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं, आता मराठी एकाला संगणकात स्वतःचा वेगळा क्रमांक आहे, तो इंग्रजी एकापासून अगदी निराळा. ते एवढे खूश झाले की दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या एकाले सोताचं घर भेटलं. मंग तुमचा फोन त्याच्या घरी काऊन जात नाई?"

खरंच जात नसे. ते मेसेजमध्ये सगळं मराठी आकड्यांत लिहीत आणि मी इंग्रजीत शोधायला गेलो की काहीच सापडत नसे. माझी चिडचिड व्हायची.

माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको गेल्यावर ते एकटे पडले. त्याच सुमारास त्यांनी नंबर बदलला आणि मला पाठवला. दहाही आकडे अर्थात मराठी. मेसेजमधून उचलून फोनमधल्या नंबराच्या रकान्यात टाकायला गेलो, तर रकाना रिकामाच राहिला; त्याला इंग्रजीच आकडे चालत. बघून बघून टाकला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम. मी टाकला नाही. कंटाळा होताच, पण खरं सांगायचं तर त्यांना थोडी अद्दल घडावी असंही वाटलं होतं. हे मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

मग एका दुपारी दुकानात गर्दी असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. कर्ज विकणारे असतील म्हणून कापला. परत आला, परत कापला. तो साडभाऊंचा होता, हे फार नंतर कळलं; ते आदिलाबादच्याच डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. काचबिंदूचं ऑपरेशन होतं आणि सोबत कोणी असल्याशिवाय दवाखाना ते करायला तयार नव्हता. संध्याकाळी ते जैनथच्या बसनं परत गेले. कोणाला काही बोलले नाहीत, पुन्हा दवाखान्यात गेलेही नाहीत. आम्हाला कळलं तोवर दोन्ही डोळ्यांत अंधार झाला होता. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता मी रविवारी जातो. फोन का कापला, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. परवा म्हणाले, "माहा नंबर टाकला का मोबाइलात?"

"टाकला, साडभाऊ. नंबराच्या जागी इंग्रजीच घेते तो. पण नावाच्या जागी तुमचं नाव नाही लिवलं, तुमचे दहा आकडे लिवले. मराठीत."

"दावा बरं," ते सवयीनं म्हणाले. मग त्यांनी तळहात पुढे केला.

मी बोटानं पहिला आकडा काढला. त्यांनी मूठ मिटली आणि खदखदून हसले.

"हा इंग्रजी नऊ हाय! एवढ्या वर्षांत सुदरले नाई तुमी." मग मूठ उघडली. "पुसा. अन् परत काढा."

मी अंगठ्यानं त्यांचा तळहात पुसला. पुसण्यासारखं माझ्या हातात तेवढंच होतं.