गळ्यात चाररेघी वही

"मेंढरं सुटल्यासारखी अक्षरं काढलीस रे. एकाचं तोंड शिरूरला, एकाचं दौंडला."

सर माझी इंग्रजीची वही वर धरून वर्गाला दाखवत होते. वर्ग हसला. मग सरांनी वहीच्या शिवणीत सुतळी ओवली आणि वही माझ्या गळ्यात अडकवली. "बें कर," म्हणाले. मी केलं. वर्ग पुन्हा हसला. घंटा होईपर्यंत मी दारात तसाच उभा.

पाचवीत होतो. इंग्रजीचं पहिलंच वर्ष. चार रेघांच्या वहीत कर्सिव्ह काढायचं. म्हणजे एका अक्षराच्या शेपटीला दुसरं जोडत, पेन न उचलता शब्द पुरा करायचा. माझ्या हाताला ते जमायचं नाही. आमची धनगराची वस्ती निमोण्याच्या शिवारात. आज्याची मेंढरं होती, वडिलांनी ती मोडून शेती धरली. घरात लिहिणारा मी पहिला. सरांच्या मुलांचा हात धरून त्यांची आई गिरवून घ्यायची. माझ्या आईनं पेन कधी धरलंच नव्हतं. सरांना हे माहीत होतं. म्हणून तर बें करायला लावलं.

मला त्या दिवशी राग यायला हवा होता. आला नाही. मला सरांच्यासारखं व्हावंसं वाटलं.

वर्षभर अक्षर घोटलं. बोटाला घट्टा पडला. सातवीत सर माझी वही दुसऱ्या वर्गांत दाखवायला न्यायला लागले. पुढं डी.एड. झालो आणि दौंड तालुक्यात, राहूच्या बाजूच्या एका हायस्कूलला लागलो. तिथं ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडं ऑफिसची सगळी लिखापढी. गॅदरिंगची सर्टिफिकेटं, चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचं मानपत्र, शाळा सोडल्याचे दाखले. सगळं माझ्याकडं. मी त्यावर खूश होतो. खोटं कशाला बोलू.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शाळेला दोन कॉम्प्युटर आले. फीत कापली, नारळ फोडला, मशिनला हळदकुंकू लावलं. मग वर प्लास्टिकचं कव्हर आणि खोलीला कुलूप. चेअरमनसाहेबांचा नातू तेवढा आत बसायचा. बाकीची पोरं खिडकीला नाक लावून बघायची.

त्या वर्षी मी शिकवायचो त्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. धनगराचीच. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ, ही चुलतीजवळ राहून शाळेला यायची. हुशार. स्पेलिंग कधी चुकायचं नाही. अक्षरं मात्र सुटी सुटी, छापल्यासारखी. मी तीनदा बजावलं. चौथ्यांदा तिची वही घेतली, सुतळी ओवली, तिच्या गळ्यात घातली. वाक्यही तेच आलं.

"मेंढरं सुटली गं तुझी. बें कर."

वर्ग हसला. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण हसलो.

ती रडली नाही. तिनं भिंतीकडं बोट केलं. तिथं चेअरमनसाहेबांच्या नातवाचा इंग्रजी निबंध लावलेला होता. कॉम्प्युटरवर टाइप केलेला. खाली 'अतिसुंदर' हा शेरा माझ्या हातचा.

"सर, कंपूटरची अक्षरं बी सुटीच हायेत की. त्येच्या गळ्यात न्हाई घातली वही."

मी म्हणालो, "लई शहाणी झालीस. बाहेर हो."

तिनं वही गळ्यातून काढली. माझ्या टेबलावर ठेवली. दप्तर उचललं आणि गेली. बें केलं नाही.

आठवड्यानं तिचा बाप आला. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. चपला ऑफिसच्या बाहेर काढल्या.

"दाखला द्या सर. पोरगी न्हाई म्हणती शाळंला."

"मामा, समजावून सांगा की तिला."

"काय सांगू? काय झालं म्हणून इचारलं, तर म्हणती सरांनाच इचारा." तो माझ्याकडं बघत राहिला. "काय झालं व्हतं सर?"

"काही नाही मामा. पोरांचं चालायचंच."

दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची विनंती. वर्तणूक : चांगली. त्यानं कागद दोन्ही हातांत धरला. "लई देखणं अक्षर हाय तुमचं," म्हणाला. आणि घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला.

ती ज्या वर्षी दहावीला बसली असती, त्या वर्षी तिचं लग्न लागलं. चुलतीनं बाजारात सांगितलं. मी मेथीची जुडी परत ढिगावर ठेवली आणि तसाच घरी आलो. बायकोनं विचारलं, भाजी कुठाय? तिलाही सांगितलं नाही.

आता इतक्या वर्षांनी, परवा स्टाफ मीटिंग झाली. नव्या मॅडमनी विषय काढला. "आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं. मग कर्सिव्हची सक्ती कशाला?" हेडमास्तर हसले. "अक्षर म्हणजे संस्कार. विचारा आमच्या सरांना."

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "ज्याला आवडेल त्याला शिकवू. सक्ती नको. मार्क नकोत. आधी त्या कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढा."

"अहो सर," हेडमास्तर म्हणाले, "ज्या अक्षरानं तुम्हाला माणसांत आणलं, त्यालाच नावं ठेवता?"

माणसांत. म्हणजे त्याआधी मी कुठं होतो, ते सगळ्यांना कळलं. दोघंतिघं हसले. पाचवीचा तोच वर्ग.

कर्सिव्ह सक्तीचं, त्याला पाच मार्क, असं ठरलं. कुलपाचा विषय निघालाच नाही. ठरावाचं रजिस्टर सवयीनं माझ्यापुढं सरकवलं. मी पेनाला टोपण लावलं. "मी लिहिणार नाही." दुसऱ्यानं लिहिलं. किरट्या अक्षरात, पण ठराव झालाच.

तर माझ्या न लिहिण्यानं काही अडलं नाही. पुढंही अडणार नाही. कुठल्या तरी पोराच्या गळ्यात वही पडतच राहील. ती मुलगी आता शाळेत येणार नाही. तिचं वय गेलं, आणि ते मी घालवलं.

पण त्या दाखल्यावरचं कारण खोटं आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात तिच्या नावापुढं ते अजून तसंच आहे, माझ्या देखण्या अक्षरात. उद्या हेडमास्तरांना अर्ज देणार आहे. तिनं शाळा सोडली ती माझ्यामुळं, रजिस्टरात तसं लिहा. खाली सही. अर्ज लिहून झाला आहे. एकेक अक्षर सुटं. नोकरीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

आणि तिच्या बापाच्या मेंढरांचा वाडा ज्या रानात बसला असेल तिथं जाणार आहे. चपला बाहेर काढून. मामांनी विचारलं होतं, काय झालं व्हतं सर.

ते सांगणार. माफी मागणार नाही. त्यांनी ती दिली तर मी सुटेन, आणि मला सुटायचं नाही.