हॅपिनेसबाई

कंपनीच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेची खोली लागायची. काचेवर पिवळ्या अक्षरांत 'हॅपिनेस' असं लिहिलेलं, आणि आत बसलेल्या बाईचा चेहरा असा की पाटी चुकून भलत्याच खोलीला लागली असावी असं वाटावं. बाई पूर्वी एका कारखान्यात हजेरी खात्यात होती. तिथे ती कोण किती वाजता आलं ते बघायची. इथेही तेच बघायची, फक्त उशिरा आलेल्याचा पगार कापण्याआधी त्याला आतून कसं वाटतंय हे विचारायचं, असा नवा नियम होता. गाड्या चालवणाऱ्यांनी तिचं नाव हॅपिनेसबाई ठेवलं होतं. ते तिला माहीत होतं आणि त्याचा तिला राग नव्हता, कारण आपल्या खात्याचं नाव ऐकून पहिल्या दिवशी तिलाही हसू आलं होतं.

धंदा म्हणाल तर साधा. लोकांनी फोनवरून मागवलेलं सामान त्यांच्या दारात नेऊन टाकायचं. खाली गोदाम आणि गाड्या, वर संगणक आणि ते बडवणारी मंडळी. पण वरच्या मजल्यावर कोणी 'आम्ही खोकी पोचवतो' असं म्हटलेलं बाईने कधी ऐकलं नाही. तिथे जो तो जग बदलत होता. ज्याने कंपनी काढली तो थोर पुरुष ऑफिसात अनवाणी फिरायचा, बुटांमुळे जमिनीशी नातं तुटतं म्हणून. त्याच्या तळव्यांच्या आणि जमिनीच्या मधे एक जाड गालिचा, एक सिमेंटची स्लॅब आणि अख्खं गोदाम होतं, हे त्याला सांगायची कोणाची छाती नव्हती. खालची माणसं त्याला अनवाणीसाहेब म्हणायची. नुसतं अनवाणी म्हटलं तरी कळायचं.

शुक्रवारी दुपारी वर 'खोल काम' असायचं. मोठ्या खोलीतली टेबलं भिंतीला सारायची, खिडक्या झाकायच्या, गाद्या टाकायच्या. मग अनवाणी स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या जिभेखाली एका छोट्या बाटलीतला थेंब सोडायचा. त्याला तिथे कोणी नशा म्हणत नसे. थेंबाला डोस म्हणत, आणि त्यानंतर जे काही व्हायचं त्याला प्रवास. ह्या प्रवासात एक माणूस शुद्धीवर असावा लागतो असं अनवाणीने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते काम हॅपिनेस खात्याच्या गळ्यात पडलं. बाई दाराशी खुर्ची टाकून बसायची, जवळ पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा. चांगली शिकलीसवरलेली, लठ्ठ पगाराची माणसं आपलाच अंगठा हातात धरून रडताना तिने पाहिली. एकजण तर स्वतःच्या मोज्यांची माफी मागत होता. खाली गोदामात असं कोणी केलं असतं तर दोघांनी धरून त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. वर ते कामाच्या तासांत धरलं जायचं, आणि संध्याकाळी सगळे एकमेकांना मिठ्या मारून, आज फार काम झालं असं म्हणत घरी जायचे.

अशाच एका शुक्रवारी अनवाणीला नदी दिसली. तो डोळे मिटून पडला होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि 'नदी थांबत नाही, नदी थांबत नाही' असं पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. ह्याला आता बाथरूमला नेऊन आणावं लागणार, एवढाच अर्थ बाईने त्यातून काढला. पण सोमवारी गाडीवाल्यांच्या फोनमधून दुपारची विश्रांती गायब झाली. एक खोकं उतरवलं की लगेच दुसऱ्याचा पत्ता, तो संपतोय तोवर तिसऱ्याचा. नव्या पद्धतीचं नाव 'प्रवाह'. खोकी भराभर पोचू लागली, कंपनी फुगली, आणि अनवाणी मोठमोठ्या सभांतून ही कल्पना मला डोसमध्ये सुचली असं उजळ माथ्याने सांगू लागला. लोकांनी त्याच्या धाडसाचं कौतुक केलं. पेपरात फोटो आला, अर्थात पायांसकट. बाईच्या आईने तो कापून घरच्या फ्रिजवर चिकटवला, लेकीचा साहेब म्हणून.

बाईचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत गाडी चालवायचा. तिनेच त्याला तिथे चिकटवला होता. आधी दोन-तीन ठिकाणी त्याचं बस्तान बसलं नव्हतं, पण गाडीवर त्याचा हात चांगला होता आणि इथे तो रमला होता. प्रवाह आला आणि त्याचा डबा तसाच घरी परत यायला लागला. खायचं तर एका हाताने, चालवायचं दुसऱ्या हाताने, आणि लघवी आली तर दाबून धरायची. संध्याकाळी घरी येऊन तो फरशीवर पालथा पडायचा आणि ताईला कंबर दाबायला सांगायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी मित्राच्या गच्चीवर त्याने गांजाचे चार दम मारले. कित्येक आठवड्यांनी शांत झोप लागली, हे त्यानेच हसत हसत ताईला सांगितलं. ताईने त्याला चांगलं फैलावर घेतलं, आईला कळलं तर ती काय करेल ते सांगितलं, आणि विषय सोडून दिला.

पण विमा कंपनीची एक अट होती. दर महिन्याला संगणक गाडीवाल्यांतली काही नावं काढायचा, प्रयोगशाळेचा माणूस प्लास्टिकचे कप घेऊन यायचा, आणि ज्याच्या लघवीत नशेचं काही सापडेल त्याच्या हातात नारळ. ओढलेला गांजा अंगात कितीतरी दिवस राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावरची नावं संगणकात घातलेलीच नव्हती. बाईने एकदा विचारलं, तर ते गाडी चालवत नाहीत असं उत्तर मिळालं. सगळ्या गाड्या कशा धावायच्या ते तेच ठरवतात, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिने गिळलं.

त्या महिन्याच्या नावांत धाकट्याचं नाव निघालं. नावं आधी फोडायची नाहीत हा नियम मोडून तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय, पोट बिघडलं म्हणून त्या दिवशी रजा टाकतो, सगळे तेच करतात. आणि खरोखरच सगळे तेच करायचे. कपवाला यायचा त्या दिवशी गोदामात पोटं बिघडायची साथच यायची. पोराने तेवढं केलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ताई आडवी आली.

त्याचं कारण म्हणजे शुक्रवार सकाळचा 'अपयशाचा तास'. अख्खी कंपनी स्क्रीनसमोर जमायची, वरची वर आणि खालची खाली. कोणीतरी उभं राहून आपली चूक सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हा अनवाणीचा शब्द होता. वरच्या एका पोराने गिऱ्हाइकांचे सगळे पत्ते पुसून टाकले होते. त्याने त्या तासाला ते रडत सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत त्याला बढती मिळाली. बढतीचा कागद बाईच्याच हातून गेला. तिने उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात चुका लपवणाऱ्यांत आणि चुका पकडणाऱ्यांत काढली होती. थेंबांना ती मनात हसायची, अनवाणी पायांना हसायची, नदीचं तर नाव काढलं तरी तिच्या कपाळावर आठी यायची. पण ही एक गोष्ट तिला मनापासून पटली होती. नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या सगळ्या गोतावळ्यात एवढं तरी खरं असेल, असं तिने धरून ठेवलं होतं. रोज त्या पिवळ्या पाटीमागे बसायचं तर माणसाला काहीतरी धरून ठेवावंच लागतं.

ती धाकट्याला म्हणाली, "लपवलंस आणि सापडलास तर मेलास. स्वतःहून सांगितलंस तर कोणी हात लावणार नाही. मी सांगते ना."

"ताई, तो तास वरच्यांसाठी असतो."

"सगळ्यांसाठी असतो. नाहीतर खाली स्क्रीन कशाला लावलीय?"

त्याला लहानपणापासून ताईचं ऐकायची सवय होती. शुक्रवारी तो धुतलेला शर्ट घालून गोदामातल्या स्क्रीनसमोर उभा राहिला. शब्द ताईनेच बसवून दिले होते. सुट्टीच्या दिवशी गांजा ओढला, कंबर दुखत होती, झोप नव्हती, चुकलं, गाडीवर कधी ओढला नाही आणि ओढणार नाही. आजूबाजूचे गाडीवाले आपापल्या बुटांकडे बघत होते. वरच्या मजल्यावर मात्र टाळ्यांचा नुसता कडकडाट. स्क्रीनवर लाल बदाम उडू लागले. अनवाणीने छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि 'किती सुंदर' असं म्हणाला. काचेच्या खोलीत ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं बरोबर होतं, असं तिला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर कंपनीची वकीलबाई तिच्या खोलीत आली. तासाचं रेकॉर्डिंग झालेलं होतं. आता कपाची गरजच उरली नव्हती. माणसाने सगळ्यांसमोर कबुली दिली होती, आणि तरी त्याला ठेवला हे विमा कंपनीला कळलं तर एकही गाडी फाटकाबाहेर निघणार नाही. तेव्हा आजच्या आज काढायला हवा. वकीलबाईचा आवाज अगदी मऊ होता. तुझा भाऊ आहे, तुला जड जाणार हे समजतंय, असंही ती म्हणाली, पण काम तुझ्याच खात्याचं आहे. हॅपिनेसबाईने स्वतःच्या भावाला खोलीत बोलावलं आणि गाडीची किल्ली मागितली. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, गळ्यातलं ओळखपत्र काढून किल्लीशेजारी ठेवलं, आणि दार हळू ओढून घेऊन निघून गेला.

मग ती वर गेली. गाद्या टाकून झाल्या होत्या आणि अनवाणी खिडकीशी उभा राहून मान गोल फिरवत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. तुझा भाऊ फार शूर आहे, म्हणाला, पण त्याच्या हातात गाडी असते, रस्त्यावरच्या लोकांचा जीव असतो. एवढं खरंच होतं आणि बाईला ते नाकारता येईना. ती म्हणाली की तो सुट्टीवर होता, त्याची गाडी इथे फाटकात उभी होती. तुम्ही कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात घेता, आणि नदी दिसली म्हणून सगळ्या गाडीवाल्यांची विश्रांती काढून टाकता.

अनवाणी हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो लहान मुलीची समजूत काढावी तसं बोलला.

"दोन्ही सारखं नाही ना ते. त्याने मजा म्हणून केलं. मी करतो ते काम असतं."

"त्याची कंबर दुखत होती."

"मग त्याने औषध घ्यायचं," तो म्हणाला, आणि खिशातली बाटली काढून ती उजेडात धरून किती उरलंय ते बघू लागला.

तिने राजीनामा त्याच्या तोंडावर फेकला, असं सांगायला कोणालाही आवडेल. पण घरात आता एकच पगार येणार होता. बाई त्याही दुपारी दाराशी खुर्चीवर बसली आणि मागतील त्याला रुमाल देत राहिली.

घरी आईने कारण ऐकलं आणि माझ्या पोटी गंजेडी निपजला म्हणून डोळ्यांना पदर लावला. बाईने तिला फ्रिजवरच्या फोटोतला माणूस दर शुक्रवारी काय करतो ते सांगितलं. आई म्हणाली, ती मोठी माणसं, त्यांचं डोक्याचं काम, त्यांना लागत असेल. फोटो होता तिथेच राहिला. धाकटा रोज सकाळी काम शोधायला बाहेर पडायचा; पण त्याला का काढलं हे सगळ्या गोदामांतून पसरलं होतं, आणि त्याच्या कबुलीचा तुकडा लोकांच्या फोनवर फिरत होता, लाल बदामांसकट. ताईशी तो बोलत नसे असं नाही. मीठ दे, दार लाव, एवढं बोलायचा.

पुढच्या शुक्रवारी बाई स्वतः अपयशाच्या तासाला गोदामात उभी राहिली. ह्यांना मान वर करता येऊ नये असं काहीतरी बोलायचं, ह्यासाठी तिने आदला सगळा दिवस मनात वाक्यं जुळवली होती. ती म्हणाली, "माझं अपयश असं की मी तुमच्यावर विश्वास ठेवला. मी माझ्या भावाला म्हटलं, इथे खरं बोललेलं चालतं. त्याची नोकरी मी घालवली. मी त्याची माफी मागते." वरचा मजला गप्प झाला आणि तिला वाटलं, लागलं. मग पहिली टाळी पडली आणि तिच्यामागे सगळ्यांच्या पडल्या. पत्ते पुसणारा पोरगा तर उठून उभा राहिला. स्क्रीन बदामांनी भरून गेली. अनवाणी स्वतः जिना उतरून खाली आला, त्याने तिला मिठी मारली, आणि आजवरचा हा सगळ्यात प्रामाणिक तास होता, पुढच्या सभेत मी हे सांगणार, असं तिच्या कानात म्हणाला. ह्या लोकांचा अपमान करणं शक्यच नव्हतं. तोंडावर थुंकलं असतं तरी त्यांनी त्यातून काहीतरी शिकून घेतलं असतं.

तरी संध्याकाळी ती घरी आली ती जरा हलकी होऊनच. आई बाहेर गेली होती. धाकटा खिडकीत बसला होता. चपला काढता काढता तिने त्याला सगळं सांगितलं, आपण काय बोललो, वरची सगळी कशी चिडीचूप झाली. टाळ्यांचं तेवढं गाळलं.

"सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागितली," ती म्हणाली.

"बघितलं. तिघाचौघांनी पाठवलं मला."

त्याने हातातला फोन पालथा ठेवला.

"माझी माफी मागायला त्यांच्यापुढे गेलीस, ताई. मी तर आठवडाभर ह्याच घरात आहे."

ती तशीच उभी राहिली. घरात तिसरं कोणी नव्हतं, शब्दही फार लागणार नव्हते. पण समोर स्क्रीन नाही, ऐकायला एकच माणूस, अशा ठिकाणी ते कसं म्हणायचं हे तिला खरोखरच सुचेना. धाकट्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तो उठून आत गेला.