दिवा उभ्याने निवडला

सर्वण गावात जुन्या घराशेजारी स्लॅबचं नवं घर बांधलं ते आमच्या ह्यांच्यासाठीच. जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, अंगावरून वारं गेलं आणि खाटेला खिळला. वाचा गेली, मानसुद्धा आम्हीच फिरवायची. राहिले डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नको. एवढंच आमचं बोलणं, पण चालायचं हो! पेज हवी का, कुशीवर करू का, सगळं चालायचं.

दिवे घ्यायला मी लेकाबरोबर डिचोलीच्या बाजारात गेले. दुकानदाराने बोर्डावर एकेक लावून दाखवला. एक मऊ, पिवळसर होता. मी म्हटलं, "हा कसला, समईसारखा! आजारी माणसाची खोली आहे बाबा."

"मग हा पांढरा घे, काकी. छताला चपटा बसतो. उजेड दिवसासारखा, आणि करंट म्हणशील तर मुंगी खाईल एवढा."

लेक हसला. "आता तरी आई बटणं बंद करत आमच्या मागे फिरणार नाही."

खरंच होतं त्याचं. जुन्या घरात बल्ब जरा जास्त वेळ राहिला की माझं तोंड सुरू व्हायचं.

तो गोल दिवा खोलीच्या मधोमध बसवला, म्हणजे बरोबर ह्यांच्या खाटेवर. बटण दाबून विचारलं, "बरा आहे ना?" ह्यांनी डोळे मिटले. आवडला म्हणाले, असं मी शेजारणींना सांगत सुटले. करंट खात नाही म्हणून सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत लावूनच ठेवायचे.

मग ह्यांनी डोळे उघडणं कमी केलं. पुढे सोडलंच. पेज विचारली तरी मिटलेलेच. मला वाटलं, जुनं घर सोडल्याचा राग. दोन महिने टोमणे मारले मी. "तुमच्यासाठी घर बांधलं, बघा तरी एकदा! की मी मेल्यावर बघणार?"

एके दिवशी लेकाने त्यांना म्हापशाला डॉक्टरकडे नेलं. चादर बदलताना माझी कंबर धरली, म्हणून त्याच खाटेवर जरा पाठ टेकली. दिवा चालू होता. वर बघवेना. डोळे मिटले तरी पापण्यांतून लाल लाल टोचत राहिलं. मी मान फिरवली. आणि मग तशीच पडून राहिले, उठवेना.

दुपारी परतल्यावर लेक म्हणाला, "आई, बाबा सगळी वाट डोळे उघडून बाहेर बघत होते!"

मी दिवा बंद करून बाहेरच्या उजेडासाठी जनेल उघडं ठेवलं होतं. ह्यांना निजवलं, विचारलं, "त्रास व्हायचा?"

डोळे एकदा मिटले. उघडले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

माझ्यावर रागावलात का, हे विचारायचं होतं. उत्तर लगेच मिळालं असतं. पाऊस सरेपर्यंत ते होते. रोज वाटायचं, आज विचारीन. आणि मी पेज हवी का, एवढंच विचारायचे.