सुमनबाईंची दोरी

सुमनबाई गेल्याचं मला शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. त्यात बाईंची बदली करवणारे शिक्षण खात्याचे साहेब होते. महिना झाला, ती रांग डोळ्यांपुढून हलत नाही... कारण त्यात मीही होतो.

आलापल्लीकडच्या जंगलातल्या आमच्या शाळेत मी मुख्याध्यापक, त्या एकट्या सहशिक्षिका. घरी गोंडी बोलणारी पोरं मराठीचं पुस्तक उघडलं की गप्प व्हायची. एकदा तिसरीतली मंगली बापाच्या तापाच्या गोळ्या आणि सिस्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन आली. "बाई, कवा द्याच्या ते सांगा ना." बाईंनी सांगितलं नाही, शेजारी बसून तिच्याकडूनच अक्षर अक्षर वाचून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या दोरीवर वडशाच्या नाटक कंपन्यांची हँडबिलं, एसटीचं वेळापत्रक, बियाण्याच्या पिशव्या, लग्नपत्रिका लटकू लागल्या. पोरं मधल्या सुट्टीतही तिथून हलेनात. "भाऊ, त्याहिचं काही अडलं पाह्यजे, नाई तं मजा आली पाह्यजे. मंग वाचतेत," बाई म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचो.

मंगली पाचवीत असताना ठेकेदाराचा माणूस गावात अंगठे घ्यायला आला. तिनं कागद ओढून मोठ्यानं वाचला, "ह्याच्यात तं आपला बांबू ह्यायले देल्ला म्हून लिवलं हाये!" एकही अंगठा पडला नाही. पंधरा दिवसांत साहेब येऊन दोरीखाली उभे राहिले. अभ्यासक्रमाबाहेरचं साहित्य, म्हणाले... अहवाल ते लिहूनच घेऊन आले होते. मी सही केली.

बाईंची बदली सिरोंच्याच्याही पुढं झाली. जाताना त्यांनी विचारलं, "भाऊ, वाचून सही केली काय?"

"नाई, बाई."

"वाचून केली असती तं जिवाले कमी लागलं असतं."

तिकडं एकट्या राहून, ताप अंगावर काढत त्या गेल्या. शोकसभेत साहेब त्यांच्या वाचनवेडावर फार सुंदर बोलले. बाईंच्या नावानं शाळेला काचेचं कपाट मिळालं, आत गोष्टींची कोरी करकरीत पुस्तकं. फाटतील म्हणून कुलूप. किल्ली माझ्याकडे, परवानगी साहेबांकडे.

परवा मंगलीची धाकटी बहीण काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचत होती. "गुरुजी, आतलं कवा वाचाचं?"

"साहेबांना अर्ज लिहिलाय," मी म्हणालो.

"दाखवा ना, मले वाचाचा हाये."

अर्ज मी लिहिलेलाच नाही.