डॉक्टर पाच ते सात बसायचे

बायको गेली तेव्हा मी आधी दोनच तास बसणाऱ्या डॉक्टरवर संशय घेतला, मग तिला नुसत्या गोळ्या देणाऱ्या औषधाच्या दुकानावर, आणि तेराव्याला, पंगत बसलेली असताना, सगळ्या पाहुण्यांसमोर पोटच्या पोरावर. म्हणालो, "आईला दवाखान्यात न्यायला याला वेळ नव्हता." माणसं पानाकडं बघत राहिली. पोरगं उठून हात धुवायला गेलं ते परत आलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दिलसुखनगरला राहतो तो. त्यानंतर माझ्या गोळ्या घेऊन सून यायला लागली, तो आला नाही.

झालं होतं असं. आठ-दहा दिवस तिची छाती भरून यायची. आमच्या नारायणगुड्यातले डॉक्टर पाच ते सात बसायचे. ती म्हणायची, "एक दिवस लवकर या, जाऊन येऊ. एकटीला भ्या वाटतंय मला." मी म्हणायचो, लगीनसराई आहे, ब्लाउजांचा ढीग पडलाय, बायका जीव खातात. शेवटी पोराला सांगितलं. त्याची ड्युटी होती. म्हणाला, रविवारी नेतो. ती शनिवारी सकाळीच गेली.

सुलतान बाजारात एका गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. मशीन आणि मी, एवढीच जागा. शिवण माझी, पण तुरपाई आणि हुक सगळं तिच्याकडं. रोज पिशवी घरी न्यायची, सकाळी तयार माल घेऊन यायचं. ती गेल्यावर ते हातकामही माझ्यावर आलं. चाळीस वर्षं शिवतोय, पण हुक लावताना बोटं टोचून घ्यायचो. म्हटलं, आता रोज उशीर होणार. झालं उलटंच. गिऱ्हाईक तेवढंच, वर तुरपाई, तरी सहाच्या आत मशीन झाकून मी मोकळा.

मला वाटलं, घड्याळात काहीतरी गडबड आहे. शेजारच्या बांगडीवाल्यानं महिन्यापूर्वी त्यातला सेल बदलून दिला होता. न मागता. कशाला बरं? मी त्याला धरलं. "काटे मागं केलेस का रे?"

तो हसला. "तुम्हारा टाइम चुराके मैं क्या करूं मामा, मेराइच टाइम नै कट रा."

मोबाइल शेजारी धरून बघितलं. घड्याळ बरोबर होतं. तरी दोन दिवस मी त्याच्याकडं पाठ केली नाही.

ती गेल्यापासून कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात पाऊल ठेवलं नव्हतं. लोक कळवळा दाखवतात, आणि कळवळा दाखवणाऱ्याला काहीतरी पाहिजे असतं असं माझं मत आहे. पण एक दिवस पाचलाच काम संपलं, घरी जाऊन करायचं काय, म्हणून गेलो. वेटर जुनाच. खिडकीजवळ दोघं बसले होते, त्यांना उठवून त्यानं टेबलावर फडकं मारलं.

"चार से साडेछे तुम्हाराइच टेबल है चाचा. इत्ते साल किसीकू बैठने नै दिया मैं, तुम नै आ रे थे तो ये बैठ गए."

बिचारा कौतुकानं सांगत होता. मला मात्र आधी वाटलं, याला पोरानंच शिकवून ठेवलंय. साडेछे कशाला म्हणतो हा? मी तर एक चहा पिऊन उठायचो. निदान घरी तसंच सांगायचो. चहा आला तो तसाच समोर राहिला. लगीनसराईतही मी इथंच बसायचो की. जमिनीचे भाव, कुणाचा जावई कसा, असल्या गप्पा. ती तिकडं लुगडं नेसून तयार बसायची आणि सात वाजले की पिशवीतले ब्लाउज काढून हुक लावायला घ्यायची. मला इथं कुणी बांधून ठेवलं नव्हतं. मालक नाही, गिऱ्हाईक नाही. संशय घ्यायला दुसरं माणूस शोधत होतो, कुणी सापडेना.

तसाच बस धरून दिलसुखनगरला गेलो. दार पोरानंच उघडलं. मी उंबऱ्यातच उभा राहून बोललो, आत गेलो असतो तर जीभ वळली नसती. "तुझ्या आईला न्यायला वेळ होता माझ्याकडं. हॉटेलात बसायचो मी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी त्याच रस्त्यानं जायचो. बसमधून दिसायचात."

"मग बोलला का नाहीस?"

"कुठं? पंगतीत? चार लोकांसमोर, बापाला?"

सून मागं येऊन उभी होती, ती म्हणाली, "बाबा, आत तर या." मी म्हटलं, आधी तुझ्या मामेसासऱ्यांना फोन लावून दे. मेहुणे नांदेडला असतात. माझं पंगतीतलं बोलणं तिकडं घरोघर त्यांनीच पोचवलं होतं.

"राहू द्या आता," पोरगा म्हणाला.

"लाव तू," मी सुनेला म्हटलं.

मेहुणे फोनवर आल्यावर मी फिरवून बोललो नाही. "तुमच्या बहिणीला डॉक्टरकडं न्यायला वेळ माझ्याकडं होता. पोराकडं नव्हता. मी खोटं बोललो."

मेहुणे म्हणाले, "आता हे बाकीच्यांना कोण सांगणार?"

"मीच," म्हटलं. "एकेकाचा नंबर द्या."