उघड्या पत्त्यांचा डाव

सरहद्दीवर जाण्यापूर्वी आमची पलटण नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत होती. बी.ए. झाल्यावर, इतरांपेक्षा बऱ्याच उशिरा, मी भरती झालो आणि सिग्नल प्लॅटूनमध्ये टेलिफोनवर नेमला गेलो. सकाळी परेड, दुपारी लाइन टाकणे आणि सायंकाळी पत्ते, असा आमचा क्रम होता.

पोकर बराकीत गोऱ्या शिपायांकडून आला होता. सर्वजण एकच प्रकार खेळत: पाचही पत्ते झाकलेले, नको ते बदलायचे आणि समोरच्याचा चेहरा वाचायचा. कोणाकडे टक लावून पाहणे मला जमत नसे. त्यामुळे मी नेमाने हरत असे. आमचे हवालदार निंबा, राहणारे देवळा गावचे, यांनी हे हेरले आणि मला दोन अपरिचित प्रकार शिकवले. लोबॉलमध्ये सर्वांत हलका हात जिंकतो. तेथे देखणी जोडीही टाकून देण्याची सवय लागते. स्टडमध्ये प्रत्येकाचा एक पत्ता झाकलेला आणि चार उघडे असतात.

“तोंडं पाहू नको,” ते म्हणाले. “पत्ते पहा. हरणाऱ्याचे बी ध्यानात ठेव.”

सरहद्दीचा हुकूम आला, तेव्हा जमादारसाहेबांनी सांगितले, “रजा एकच उरली. नावे दोन. संध्याकाळपर्यंत एक द्या.”

हवालदारांना मुलगी झाली होती. तिला त्यांनी अजून पाहिले नव्हते. दुसरे नाव मशिनगन प्लॅटूनच्या लान्सनायक दगडूचे. तो पेठचा, त्याच्या भावाचे लग्न होते. बराकीच्या रिवाजाप्रमाणे निकाल पत्त्यांवर ठरला. दोन्ही प्लॅटूनचे दोन-दोन गडी, पैशांऐवजी काड्यापेटीतल्या काड्या, आणि वाटणारा सांगेल तो प्रकार; शेवटी जास्त काड्या ज्या प्लॅटूनकडे, तिची रजा. हवालदार फायरिंग रेंजवर लाइन ड्यूटीला होते. मी फोन लावला.

“उस्ताद, तुमच्या जागी मी बसतो आहे.”

“वाटप कोणाचं?”

“शेवटचं माझं.”

“मग झालं. लाइन मोकळी कर.”

शेवटच्या डावाला मी स्टड सांगितला. दोघांनी पत्ते टाकून डाव सोडला. दगडूसमोर राजा, सत्ती, चव्वी, दुर्री, तीन वेगवेगळ्या रंगांची. त्याने सगळ्या काड्या पुढे सारल्या.

“काय मास्तर, बी.ए.च्या पुस्तकात हे नव्हतं का? लय इचार करू नको.”

मी त्याच्याकडे पाहिलेच नाही. माझी राणी उघडी होती, दुसरी झाकलेली. माझ्या राण्यांच्या जोडीला हरवायला त्याला आणखी एक राजा हवा होता. उरलेल्या तिन्ही राजांपैकी एक माझ्यासमोर होता. टाकलेल्या दोन्ही हातांत एकेक उघडा पडला होता. झाकलेल्या पत्त्यांच्या खेळात वाढलेल्या दगडूने ते हात पाहिलेच नव्हते. मीही सगळ्या काड्या सारल्या आणि राणी उलटली.

दगडू हसला. “जाऊ द्या हवालदारांना. लगीन काय, व्हतंच.”

सगळे खेळतात तेवढेच शिकू नये, असे मी आजही तरुणांना निःशंकपणे सांगतो.

मनमाडमार्गे हवालदार परतले. मुलगी कशी आहे, असे विचारल्यावर दोन्ही हात वीत-दीड वीत अंतरावर धरून ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “एवढी शे.”

सरहद्दीवर तुटलेली लाइन जोडताना हवालदार निंबा गोळी लागून पडले. दगडूच्या मशिनगनच्या माऱ्याच्या आडोशाने आम्ही त्यांना खाली आणले. तो बराच वेळ जवळ बसून होता.

“मास्तर,” त्याने विचारले, “पोरगी केवढी व्हती?”

मी हात धरून दाखवले.